ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेटचे अनुमापन : पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ का लागतो?

निळीशाई

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या विद्यार्थ्यांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेते. ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण (नेमकी तीव्रता माहीत असलेल्या) द्रावणावरून पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढण्याचा, म्हणजे अनुमापनाचा, प्रयोग येथील बहुतेकांनी केलेला असेल. १० मिली ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचे, त्यात परीक्षानळीभर विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे, फ्लास्क ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आणि ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) परमँगनेट सोडत राहायचे. फिकट गुलाबी रंग टिकला की रीडिंग घ्यायचे. समीकरण जर्नलमध्ये आधीच छापलेले असते, निरीक्षणांच्या तक्त्याच्या चौकटीही आखलेल्या असतात, आणि तीन रीडिंग जुळली की गणित करून सही घेतली जाते.

दरवर्षी प्रत्येक बॅचमध्ये एखाद्या टेबलावर तरी असे घडते की पहिला थेंब पडल्यावर द्रावण गुलाबी होते, तसेच राहते, आणि विद्यार्थी ब्युरेटची तोटी बंद करून ०.१ मिली असे रीडिंग लिहून मोकळा होतो. ‘हलवत राहा, रंग जाईल’ असे मी सांगते, आणि रंग जातोही. त्यानंतरचे थेंब मात्र पडताक्षणी नाहीसे होऊ लागतात. याच मुलांना अभिक्रियेच्या वेगाच्या प्रकरणात आपण शिकवलेले असते की अभिक्रियाकारके संपत जातात तसा वेग मंदावतो. येथे ऑक्झॅलिक आम्ल संपत चाललेले असताना वेग वाढताना दिसतो, आणि एखादी चौकस मुलगी नेमके हेच विचारते.

परमँगनेटपासून तयार होणारे मँगनस आयन पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात, म्हणजे तिचा वेग वाढवतात, हे उत्तर मी देते. पण ते तोंडी परीक्षेपुरते पाठ केले जाते, त्यापलीकडे जात नाही. हे उत्तर विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने पडताळता येईल असे काय करता येईल? शिवाय तापवणे, सल्फ्युरिक आम्लच वापरणे, या बाकीच्या अटीही त्यांना अभिक्रियेतूनच कळाव्यात अशी इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

चंचुपात्र

निळीशाई ताई, फार वर्षे पदवीच्या प्रयोगशाळेत उभा राहिलेलो असल्याने जरा लांबण लागेल, ते चालवून घ्यावे.

प्रथम परीक्षानळ्यांत करता येण्याजोगे काम सांगतो. चार परीक्षानळ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत ५ मिली ऑक्झॅलिक आम्ल व २ मिली विरल सल्फ्युरिक आम्ल घालावे. पहिली तशीच ठेवावी. दुसरीत मँगनस सल्फेटची चिमूट टाकून विरघळवावी. तिसरी कोमट पाण्याच्या चंचुपात्रात आणि चौथी चांगल्या गरम पाण्यात उभी करावी. मग चारही नळ्यांत परमँगनेटचा एकेक थेंब टाकून हलवावे व घड्याळ लावावे. थंड नळीतला गुलाबी रंग डोळ्यांत भरेल इतका वेळ रेंगाळतो. मँगनस सल्फेट असलेली नळीही तितकीच थंड असते, तरी तिच्यातला रंग लगोलग बदलू लागतो. आता पहिल्या नळीचा रंग पूर्ण गेल्यावर तिच्यातच दुसरा थेंब टाकायला सांगावे, आणि त्यानंतर तिसरा. प्रत्येक थेंबाला लागलेला वेळ विद्यार्थ्यांनी लिहून ठेवला की वेळ कशी कमी होत जाते ते त्यांच्याच आकड्यांतून दिसते. बाहेरून घातलेल्या मँगनस सल्फेटने जे काम केले तेच काम अभिक्रियेतून तयार झालेले मँगनस आयन करीत आहेत, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट त्यांना आवर्जून बघायला लावावी, ती म्हणजे रंग जाण्याची तऱ्हा. थंड नळीमागे पांढरा कागद धरला तर जांभळा रंग सरळ फिका होत जात नाही; तो लालसर होतो, मग तपकिरीकडे झुकणारा पिवळट होतो आणि शेवटी द्रावण निर्मळ होते. हा मधला पिवळट-तपकिरी रंग परमँगनेटचा नाही आणि मँगनस आयनाचाही नाही, कारण मँगनस आयन विरल द्रावणात जवळजवळ रंगहीन असतो. परमँगनेटमधील मँगनीज +७ या ऑक्सिडीकरण अवस्थेत असते आणि शेवटी ते +२ वर येते. परमँगनेट आणि मँगनस आयन एकत्र आले की त्यांच्यातील अभिक्रियांतून +३ अवस्थेतील मँगनीज तयार होते, ते ऑक्झॅलेटशी जोडले जाऊन संकुल बनवते, आणि ते संकुल आतल्या आत मोडून कार्बन डायऑक्साइड व मँगनस आयन देते. म्हणजे मँगनस आयन या वाटेवर खर्चही होतो आणि पुन्हा अधिक संख्येने निर्माणही होतो. तो नसताना परमँगनेटला ऑक्झॅलिक आम्लावर थेट काम करावे लागते, आणि ती वाट फार संथ आहे. छापील समीकरणात या मधल्या पायऱ्यांचा मागमूस नसतो. परमँगनेटचे २ आयन, ऑक्झॅलिक आम्लाचे ५ रेणू आणि ६ हायड्रोजन आयन यांपासून २ मँगनस आयन, १० कार्बन डायऑक्साइड आणि ८ पाणी, हा केवळ आरंभीचा आणि अखेरचा ताळेबंद आहे. त्या १३ कणांची एकाच क्षणी टक्कर होते असे कोणी समजू नये.

आता माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट. विद्युतरसायनशास्त्राच्या प्रकरणात प्रमाण विभवे (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारे आकडे) दिलेली असतात. आम्लधर्मी माध्यमात परमँगनेटचे मँगनस आयनात क्षपण (इलेक्ट्रॉन घेणे) होण्याचे विभव +१.५१ व्होल्ट, कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्झॅलिक आम्ल होण्याचे सुमारे −०.४९ व्होल्ट आणि फेरिकपासून फेरस होण्याचे +०.७७ व्होल्ट आहे. म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाबाबत फरक सुमारे २ व्होल्टचा, तर फेरस आयनाबाबत ०.७४ व्होल्टचा. केवळ हे आकडे पाहिले तर ऑक्झॅलिक आम्लाची अभिक्रिया अधिक झपाट्याने व्हायला हवी, पण प्रत्यक्षात फेरसची अभिक्रिया थंडीत क्षणार्धात होते आणि ऑक्झॅलिक आम्लाची रखडते. विभव हे अभिक्रिया कोणत्या दिशेने आणि कुठवर जाऊ शकेल एवढेच सांगते. ती किती वेळात होईल याविषयी त्यात काहीही नसते. फेरस आयनाला एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होता येते, तर ऑक्झॅलिक आम्लाला दोन इलेक्ट्रॉन देताना दोन कार्बन अणूंमधील बंध तोडावा लागतो. बारावीत हे दोन विषय दोन स्वतंत्र प्रकरणांत शिकवले जातात आणि परीक्षेतही वेगवेगळे विचारले जातात. ते एकत्र भेटतात ते या फ्लास्कमध्ये.

या अभिक्रियेला मोठा इतिहासही आहे. ऑक्सफर्डचे ऑगस्टस व्हर्नन हारकोर्ट आणि त्यांचे गणितज्ञ सहकारी विल्यम एसन यांनी १८६० च्या दशकात रासायनिक बदलाचा वेग मोजण्यासाठी हीच जोडी निवडली होती, आणि १८६६ मध्ये त्यांचे काम प्रसिद्ध झाले. ठरलेल्या वेळी पोटॅशियम आयोडाइड घालून ते अभिक्रिया थांबवीत आणि मोकळ्या झालेल्या आयोडीनचे अनुमापन करून किती परमँगनेट उरले होते ते काढीत. मँगनस सल्फेट आरंभीच घातल्याने वेगात पडणारा फरक त्यांनी तपासला होता. आपल्या विद्यार्थ्यांना जी गडबड वाटते ती वेगशास्त्राच्या आरंभकाळच्या अभ्यासाचा विषय होती, हे त्यांना जरूर सांगावे.

जर्नलवाला

चंचुपात्र सरांचे विवेचन उत्तम आहे, परंतु एक व्यावहारिक बाजू मांडतो. प्रात्यक्षिक परीक्षा ३० गुणांची असते, आणि एका तासिकेत संपूर्ण बॅचचे अनुमापन पूर्ण करून घ्यायचे असते. गॅसचे बर्नर सगळे चालू नसतात, ब्युरेट गळतात, आणि ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण संपले की प्रयोगशाळा साहाय्यकाला पुन्हा वजन करायला बसावे लागते. अशा स्थितीत चार परीक्षानळ्यांचा स्वतंत्र प्रयोग कुठे बसवायचा? विद्यार्थ्याला कृती बिनचूक करता आली, वरचा मेनिस्कस (ब्युरेटमधील द्रवाची वक्र कड) वाचता आला आणि गणित जमले, तर आमच्या दृष्टीने तो तयार झाला. कारणमीमांसा पदवीला होईलच.

लोटेकर

मी रासायनिक औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. जर्नलवाला यांच्या वेळेच्या अडचणीबद्दल वाद नाही, पण ‘कारणमीमांसा पदवीला होईलच’ याच्याशी सहमत होता येत नाही. पदवी घेऊन आमच्याकडे येणारी मुले कृती बिनचूक करतात. कृतीत काही बिघडले की मात्र त्यांना पुढे काय करावे ते सुचत नाही. या अनुमापनात बिघडते ते बहुधा एकाच रीतीने, ती म्हणजे द्रावण गुलाबी होण्याऐवजी तपकिरी आणि गढूळ होते. ते ओतून पुन्हा सुरुवात करणे एवढाच उपाय त्यांना ठाऊक असतो.

तपकिरी गढूळपणा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. हायड्रोजन आयन कमी पडले, किंवा परमँगनेट एकदम धारेने सोडले आणि फ्लास्क हलवला नाही, तर मँगनीजचा प्रवास +२ पर्यंत न जाता +४ वर अडतो. तेथे प्रत्येक परमँगनेट आयन पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतो आणि सगळे गणित कोलमडते. पण फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल शिल्लक असेल तर आणखी सल्फ्युरिक आम्ल घालून फ्लास्क कोमट करून हलवावा. मँगनीज डायऑक्साइडलाही ऑक्झॅलिक आम्ल विरघळवते, आणि द्रावण पुन्हा निर्मळ होते. असे वाचवलेले रीडिंग अहवालात धरू नये हे खरे, पण ते निर्मळ होताना पाहणे हाच एक धडा आहे. परमँगनेट रात्रभर राहून तपकिरी झालेल्या ब्युरेट आमचे साहाय्यक आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्लानेच धुतात, आणि तीही हीच अभिक्रिया आहे. गळक्या ब्युरेटबद्दल माझ्याकडे उपाय नाही.

परीक्षानळीभर आम्ल कशासाठी, याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलीमध्ये ०.५ मिलिमोल आम्ल असते. त्याला ०.२ मिलिमोल परमँगनेट लागते, आणि समीकरणाप्रमाणे ०.६ मिलिमोल हायड्रोजन आयन. १ मोलर सल्फ्युरिक आम्ल नुसते ५ मिली घातले तरी त्यातून सुमारे १० मिलिमोलपर्यंत हायड्रोजन आयन मिळू शकतात. गरजेच्या पंधरापट आम्ल घालतो ते उधळपट्टी म्हणून नव्हे. अनुमापनाच्या अखेरच्या थेंबापर्यंत आम्लाची तीव्रता फारशी ढळू नये आणि +४ ची आडवाट बंद राहावी म्हणून. याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. त्या १० मिलीतून १ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे सामान्य तापमानाला सुमारे २४ मिली वायू. फ्लास्कच्या तळाशी चिकटलेले बारीक बुडबुडे दाखवून हे सांगितले की मुले चकित होतात, कारण या प्रयोगात वायू तयार होतो हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते.

सल्फ्युरिक आम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर परमँगनेटचा काही भाग क्लोराइडचे क्लोरीन करण्यात खर्च होतो आणि रीडिंग वाढते. क्लोरीनचे विभव +१.३६ व्होल्ट, म्हणजे परमँगनेटच्या खाली आहे. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने रीडिंग घटते. ॲसेटिक आम्ल क्षीण पडते. येथे इतके पुरे.

चंचुपात्र

लोटेकरांनी ब्युरेटचा दाखला अगदी योग्य ठिकाणी दिला. जर्नलवाला यांच्या अडचणीवर माझे म्हणणे असे की वेगळा प्रयोग लावूच नये. रफ, म्हणजे पहिले अंदाजाचे, रीडिंग तर प्रत्येक विद्यार्थी घेतोच, आणि ते गणितात धरले जात नाही. तेच रीडिंग फ्लास्क न तापवता सुरू करायला सांगावे. पहिल्या चार थेंबांचा प्रत्येकी वेळ मोजावा, मग फ्लास्क तापवून नेहमीप्रमाणे पुढे जावे. चार-पाच मिनिटे अधिक जातील, आणि द्रावणही वेगळे लागणार नाही. मँगनस सल्फेटची नळी शिक्षकांनी आपल्या टेबलावर एकदाच सर्वांना दाखवली तरी भागते.

तापवण्याविषयीही थोडे लिहितो, कारण ‘तापवल्याशिवाय अभिक्रिया होत नाही’ असे उत्तर सर्रास दिले जाते, आणि थंड नळीतला रंगही अखेर जातो हे ज्याने पाहिले आहे त्याला ते पटणार नाही. तापवल्याने वेग वाढतो, एवढेच. मग उकळत्या द्रावणात का करू नये? कारण आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्ल फार तापले की स्वतःच कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांत विघटित होऊ लागते. जे विघटित झाले त्याला परमँगनेट लागत नाही, रीडिंग कमी येते, आणि परमँगनेटची तीव्रता आहे त्याहून अधिक भासते. उलट अनुमापन रेंगाळून फ्लास्क निवाला तर अखेरीस रंग उगाच टिकून लवकर एंड पॉइंट (अनुमापनाची अखेर) आल्याचा भास होतो. ६० ते ७० अंश ही या दोन चुकांमधली जागा आहे.

अचूकतेची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी आणखी एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मॅकब्राइड यांनी १९१२ मध्ये गरम द्रावणात सावकाश अनुमापन करण्याची पद्धत सुचवली होती. तेथेच फाउलर आणि ब्राइट यांनी १९३५ मध्ये तिची फेरतपासणी केली, तेव्हा काही दशांश टक्क्यांपर्यंत चूक राहते असे दिसले. त्यांनी क्रम बदलला. लागणाऱ्या परमँगनेटचा ९० ते ९५ टक्के भाग सामान्य तापमानालाच एकदम घालायचा, रंग जाईपर्यंत थांबायचे, मग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवून उरलेले अनुमापन थेंबाथेंबाने पूर्ण करायचे. म्हणजे आरंभीची संथ गती टाळण्याऐवजी त्यांनी तिला वेळ दिला. बारावीला ही पद्धत वापरावी असे मी म्हणत नाही, पण तापमानाची अट कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने आलेली नाही, मोजून आलेली आहे, हे यातून सांगता येते.

तिसरा_बाक

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. सर, दोन शंका आहेत. बारावीला आम्ही मोहरच्या क्षाराचेही (फेरस अमोनियम सल्फेटचे) परमँगनेटशी अनुमापन केले होते. तेव्हा ‘हा फ्लास्क तापवू नका’ असे बजावले होते, पण कारण सांगितले नव्हते. फेरसची अभिक्रिया थंडीतही जलद होते हे वर वाचले, म्हणजे तापवण्याची गरज नाही हे समजले. परंतु तापवले तर बिघडते का? दुसरी शंका अशी की परमँगनेट नेहमी ब्युरेटमध्येच का भरतात? ते इतके गडद असते की खालचा मेनिस्कस दिसतच नाही. ते पिपेटने फ्लास्कमध्ये घेऊन ब्युरेटमध्ये ऑक्झॅलिक आम्ल भरले तर वाचन सोपे होणार नाही का?

चंचुपात्र

दोन्ही शंका चांगल्या आहेत. मोहरच्या क्षारात फेरस आयन असतो. द्रावण तापवले की हवेतील ऑक्सिजन त्यातल्या काही भागाचे फेरिक करतो, आणि तो भाग परमँगनेटच्या वाट्याला येत नाही. म्हणून रीडिंग कमी येते. हे द्रावण बनवतानाच त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालतात, ते जलापघटन (पाण्याशी अभिक्रिया) होऊन द्रावण गढूळ होऊ नये यासाठी. नायट्रेटच्या कड्याच्या परीक्षेत (नायट्रेट असल्यास तपकिरी कडे दिसते ती चाचणी) फेरस सल्फेट ताजेच का घ्यावे, याचेही उत्तर येथेच आहे. तेथे फेरस आयनाचा काही भाग नायट्रेटचे क्षपण करून नायट्रिक ऑक्साइड बनवतो आणि उरलेला भाग त्या नायट्रिक ऑक्साइडला धरून तपकिरी संकुल बनवतो. बाटलीतले द्रावण पिवळे पडले असेल तर ही दोन्ही कामे करायला फेरस पुरेसा उरलेला नसतो, आणि नायट्रेट असूनही कडे दिसत नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर करूनच पाहावे. एका परीक्षानळीत २ मिली परमँगनेट घेऊन त्यात ऑक्झॅलिक आम्ल थेंबाथेंबाने टाकावे. जो मँगनस आयन तयार होईल त्याच्याभोवती भरपूर परमँगनेट उरलेले असते, आणि ही दोघे मिळून मँगनीज डायऑक्साइड बनवतात. नळी तपकिरी होते आणि अखेर कुठे आहे ते ओळखता येत नाही. नेहमीच्या क्रमाने परमँगनेट जसे पडते तसे संपत जाते, त्यामुळे अखेरच्या थेंबापर्यंत ही अभिक्रिया वरचढ होत नाही. त्या अखेरच्या थेंबानंतरही ती संथपणे चालूच असते, म्हणून एंड पॉइंटचा गुलाबी रंग काही वेळाने आपोआप जातो. रंग साधारण अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्यावे. पाच मिनिटांनी फ्लास्क रंगहीन दिसला म्हणून आणखी थेंब टाकू नये.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. रफ रीडिंग थंड फ्लास्कने सुरू करण्याची सूचना मला तत्काळ अमलात आणता येण्याजोगी वाटते. पहिल्या चार थेंबांच्या वेळांसाठी निरीक्षण तक्त्याच्या वर हाताने एक ओळ आखून घेईन, आणि मोहरच्या क्षाराचा प्रयोग लगतच्याच आठवड्यात ठेवेन, म्हणजे २ व्होल्टची संथ अभिक्रिया आणि ०.७४ व्होल्टची जलद अभिक्रिया यांची तुलना मुले स्वतः करू शकतील.

एकच विचारायचे राहिले. १० मिली ऑक्झॅलिक आम्लाला ९.८ मिली परमँगनेट लागले, तर बरेच विद्यार्थी दोन्ही बाजूंना तीव्रता आणि आकारमान यांचा गुणाकार मांडून परमँगनेटची मोलरता ०.०५१ काढतात. यावर आपण काय करता?

लोटेकर

आमच्याकडे नवीन माणसाला सूत्र वापरू देत नाही, मिलिमोलच लिहायला लावतो. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल ०.५ मिलिमोल. ५ ला २ या प्रमाणात परमँगनेट ०.२ मिलिमोल. ते ९.८ मिलीमध्ये होते, म्हणून मोलरता ०.२ भागिले ९.८, म्हणजे ०.०२०४, आणि लिटरमागे साधारण ३.२२ ग्रॅम परमँगनेट. ०.०५१ हे उत्तर खरे असते तर लिटरमध्ये ८ ग्रॅम परमँगनेट असायला हवे होते. द्रावण करताना साहाय्यकाने किती ग्रॅम घातले ते मुलांना त्यालाच विचारू द्यावे.